निळ्यावर पांढऱ्या लोंब्या

फागुन लागला की माझे हात शिवशिवायला लागतात. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. पण पळसाला फूल आलं की कापडाच्या दुकानासमोरून सरळ चालत जाणं मला जमत नाही. पाय वळतातच. सून म्हणते, "आई, फोनवर बघा ना, हजार छाप आहेत." मी बघते. हजार काय, दोन हजार असतील. पण सगळे काचेखाली. कापड दोन बोटांत धरून चोळल्याशिवाय, कोपरा ओला केल्याशिवाय, उन्हात नेऊन दहा पावलं मागे सरून पाहिल्याशिवाय ते पसंत कसं करायचं, हे या वयात मला कोणी शिकवू नये. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाले, पण कापडाची माझी शाळा वेगळी होती. तिथे एकच मास्तरीण होती, माझी आई, आणि शाळा भरायची फक्त वसंतात.

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. गावाच्या एका अंगाला बोडी, म्हणजे लहानसा तलाव. बोडीच्या पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बांध्या संपल्या की मोहाची झाडं. फागुनापर्यंत धान कापून, चुरून-मळून, घरात येऊन गेलेलं असायचं. शेतं मोकळी, माणसं मोकळी. होळीच्या आगेमागे मोह गळायला लागला की आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया आणि पोरी पहाटे टोपल्या घेऊन निघायच्या. झाडाखालचा पाला आदल्या दिवशीच झाडून ठेवलेला असे. त्या स्वच्छ मातीवर पिवळसर, रसाळ फुलं टपटपत राहायची आणि आम्ही वेचत राहायचो. त्या गोड वासाने डोकं जड व्हायचं. शाळेत गेल्यावरही तो केसांतून जायचा नाही. "आज मोहावर गेल्या होत्या वाटते," असं गुरुजी न विचारता ओळखायचे.

वेचलेला मोह अंगणात वाळायचा आणि वाळला की बाजारात जायचा. आमच्या घरी एक अलिखित नियम होता. धान घरासाठी आणि मोह कापडासाठी. त्या कापडाला आम्ही 'मोहाचं कापड'च म्हणायचो. वर्षात एकदाच नवं कापड अंगाला लागायचं, आणि ते चैत्रात. दिवाळीला नवं घालणाऱ्या मुलींचा मला कधी हेवा वाटला नाही. त्यांच्या कपड्यांना थंडीतल्या पेटीतला वास यायचा, आमच्या कपड्यांना उन्हाचा यायचा. आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी ही गोष्ट वर्गात भांडून सांगितलेली आहे.

बाबा तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला होते. मिलच्या मुनीमाकडची एक जुनी हातमशीन त्यांनी घरी आणली तेव्हा मी तीन-चार वर्षांची असेन. आईला शिवण कोणी शिकवलं नव्हतं. तिने जुनं पोलकं उसवलं, त्याचे तुकडे जमिनीवर मांडले, आणि माणसाच्या अंगाचे तुकडे असे होतात हे बघून घेतलं. मग तेच तुकडे पुन्हा जोडले. ती स्वतः सांगायची, "मी आधी उसवाले शिकली, मंग शिवाले." माप घ्यायला तिच्याकडे टेप नव्हता. एकेका पोरीच्या नावाची एकेक सुतळी असे. खांद्यापासून कमरेपर्यंत एक गाठ, कमरेपासून गुडघ्यापर्यंत दुसरी, छातीच्या घेराची तिसरी. कोणती सुतळी कोणाची ते कळायला टोकाला खूण बांधलेली. कुणाच्या टोकाला चिंचोका, कुणाच्या टोकाला फुटकी बांगडी. माझ्या सुतळीला शाळेच्या पाटीचा तुटका कोपरा होता. पुढे मी वर्गात भूमिती शिकवताना मुलांना सुतळ्याच वाटायचे. इन्स्पेक्टरसाहेबांनी एकदा हे काय म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, आमच्या घरची पद्धत आहे.

पण शिवण नंतर. आधी कापड शोधणं, आणि त्यातच खरी मजा.

मार्च संपता संपता आई मला घेऊन तुमसरला जायची. कापडाची दुकानं म्हणजे लाकडी पायऱ्या, आत पांढरी गादी, भिंतीला छतापर्यंत थान, म्हणजे कापडाचे तागे, रचलेले. नव्या कापडाची खळ आणि उदबत्ती यांचा मिळून एक वास असे. चैत्र-वैशाखातल्या लग्नांसाठी माल नुकताच आलेला असे. सेठ एकेक थान गादीवर फेकायचे आणि तो उलगडत जायचा, धडधड आवाज करत. छीट, पॉपलीन, केंब्रिक. लाल जमिनीवर काळी बुट्टी. पिवळ्यावर हिरवी पानं, इतकी दाट की पिवळा शोधावा लागे. मुंबईकडच्या कुठल्या मिलमध्ये बसून कोणी माणूस ही फुलं काढत असेल, असा विचार करत मी बघत राहायचे. जगात नसलेली फुलं त्याने काढलेली असत, पण मला ती ओळखीची वाटत.

इथे आजीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आईच्या आईच्या काळात दुकानदार आमच्या माणसांना पायरीखाली उभं करूनच कापड दाखवायचे. आत जायचं नाही, हात लावायचा नाही, घडीतलं कापड दुरून बघायचं आणि हो म्हणायचं. त्यातूनही नवं कापड घेण्याचा प्रसंग आजीला किती आला असेल? अंगावर आलं ते बहुतेक दुसऱ्याने उतरवलेलं. थान उलगडताना तिने जन्मात पाहिला नाही. म्हणून आई दुकानात गेली की सरळ आत जायची, गादीच्या मधोमध मांडी घालून बसायची, आठ थान उघडायला लावायची आणि मग शांतपणे म्हणायची, "सेठ, आता हे बाहेर उजेडात आना."

"बाई, अंदर ट्यूबलाइट आहे ना."

"तुमची ट्यूबलाइट पोरीसंग फिरनार हाय का? पोरी उनात चालनार हायेत."

आणि सेठ थान खांद्यावर टाकून पायरी उतरून खाली यायचे. जिथे आजीला उभं केलं जायचं, तिथेच, उन्हात. आई दहा पावलं मागे सरायची, मान तिरकी करायची, डोळे बारीक करायची. मला तेव्हा वाटायचं की ती फक्त रंग बघते आहे. आता कळतं, ती दोन गोष्टी एकदम बघत होती.

माझ्या सातवीच्या वर्षीचा वसंत मी अजून जसाच्या तसा काढून दाखवू शकते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमची वस्ती बौद्धांची. चैत्रातली जयंती म्हणजे आमचा सगळ्यात मोठा दिवस. गावोगावच्या मिरवणुका तुमसरला जाऊन एकत्र मिळायच्या. आमच्या गावातून लेझीमवाले मुलगे जायचे, पांढरा सदरा आणि निळी टोपी घालून. त्या वर्षी पहिल्यांदा ठरलं की गाणाऱ्या मुलींचंही पथक निघेल आणि ते सगळ्यात पुढे चालेल. सोळा मुली, त्यांत मी एक. मुलींनी घालायचं काय, यावर विहारापुढे बैठक बसली.

"पांढरं कापड घेऊ आन तुमसरच्या टेलरकडे टाकू," विलासदादा म्हणाला. तो युवक मंडळाचा सेक्रेटरी, कॉलेजात शिकणारा, बोलताना बोट वर करायचा. "सगळं एकसारखं दिसलं पायजे."

"एकसारखं मी देईन शिवून," आई म्हणाली. "आन पांढरं कायले? पांढरं आमी मोठ्या बाया नेसतोच. लेकराइले छापाचं पायजे. निळं, आन त्याच्यावर पांढरा छाप."

"सोळा फ्रॉक? हातमशीनवर?"

"हात माहा, मशीन माही. तुले काहून घाम सुटून राहिला?"

बाया हसल्या. पण हसण्यामागे शंका होती, मला ती दिसली. आईने तोवर वस्तीतली पोलकी, चड्ड्या, उशांच्या खोळी शिवल्या होत्या. सगळ्या तुमसरसमोर जाणारं काम तिला कोणी दिलेलं नव्हतं. तेवढ्यात भागीबाई बोलल्या. त्या म्हणजे रोवण्याच्या, धानाची रोपं लावणाऱ्या, बायांची म्होरकी. बांधी नुसती बघून इथे किती बाया लागतील आणि उन्हं कुठवर आल्यावर रोवणं आटपेल ते सांगायच्या, आणि ते तसंच व्हायचं. "होऊ द्या," त्या म्हणाल्या. "माह्या नातीचं माप आधी घे व बाई." मग घरटी एक टोपलं मोह कापडासाठी द्यायचं ठरलं, आणि आईवर सोळा घरांची पहाट येऊन पडली.

तीन आठवडे आम्ही निळा छाप शोधत होतो. एका दुकानात मनासारखा निळा मिळाला, पण कोपरा ओला करून चोळला तर आईचं बोट निळं झालं. दुसरीकडे फुलं इतकी मोठी की, आई म्हणाली, "पोरीच्या पाठीवर एकच फूल मावन, ते बी अर्धं." एका थानावर मोटारी होत्या. एकावर इंग्रजी अक्षरं, ती काय म्हणतात हे माहीत नसताना पोरींच्या अंगावर घालायला आई तयार नव्हती. मला कुठलंही चाललं असतं. सातवीतल्या मुलीला सगळंच आवडतं. पण आई प्रत्येक दुकानातून तशीच उठायची आणि सेठ थानांच्या घड्या घालत आमच्याकडे बघत राहायचे.

शेवटच्या दुकानात, रचलेल्या ढिगाच्या तळातून तो थान निघाला. गडद निळी जमीन. तिच्यावर पांढऱ्या लोंब्या, एकेक सुटी, देठाला दोन पाती, दाणा न् दाणा वेगळा काढलेला. सगळ्या एका दिशेला तोंड करून. आईने कापड हातात घेतलं आणि एका लोंबीचे दाणे बोटाने मोजले.

"सेठ, हे धान हाय," ती शेवटी म्हणाली.

"डिझाइन आहे बाई. गहू असेल, काही असेल."

"गहू काहून? धान हाय."

थान उन्हात आला. कोपरा ओला झाला. बोट कोरंच राहिलं. आईने दहा पावलं मागे सरून बघितलं आणि माझ्याकडे वळून अशी हसली की मला एकदम आम्ही खूप श्रीमंत आहोत असं वाटलं.

कापायला आमच्या घरात एवढी जमीन नव्हती, म्हणून विहाराच्या ओसरीवर थान अंथरला. सोळा सुतळ्या खिळ्याला लटकवल्या. आई गुडघ्यांवर बसून कात्री चालवत होती आणि मी कापडावर दगड ठेवत होते, वाऱ्याने उडू नये म्हणून. आमच्याकडे नवं धान घरी आलं की भरलेल्या लोंब्यांची एक जुडी बांधून दाराच्या चौकटीला टांगतात, चिमण्यांसाठी. देठ वर, दाणे खाली. लहानपणापासून दारातून आत-बाहेर करताना डोक्याला लागणारी ती जुडी. आईने फ्रॉकचे तुकडे मांडले ते तसेच, देठ खांद्याकडे, दाणे घेराकडे. तिने विचार केला नाही, मीही केला नाही. ओसरीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या कोणीच काही म्हटलं नाही. पंधरा फ्रॉक कापले, शिवले. घरच्या पोरीचा शेवटी म्हणून माझं कापड तेवढं राहिलं होतं.

जयंतीला पाच दिवस असताना गुंड्या आणायला आम्ही तुमसरला गेलो. बाजारातल्या टेलरमास्तरांकडे चांगल्या गुंड्या मिळायच्या. रंग जुळवायला आईने एक तयार फ्रॉक पिशवीत घेतला होता, आणि खरं सांगायचं तर दाखवायलाही. मास्तरांनी तो हातात घेतला, उलटा करून शिवण बघितली. "शिलाई एकदम साफ आहे बाई," ते म्हणाले. आई फुलली. मग त्यांनी फ्रॉक सरळ केला, चष्मा वर ढकलला आणि म्हणाले, "पण छाप उलटा धरला ना तुम्ही."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांनी कुणासाठी तरी शिवलेला फ्रॉक टांगला होता, त्याच छापाचा. त्याच्यावरच्या लोंब्या ताठ उभ्या होत्या, टोकं खांद्याकडे. मिलने तशाच काढल्या होत्या. आईने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा हातातल्या फ्रॉककडे. तिचा चेहरा असा उतरला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"होते असं," मास्तर समजुतीने म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आता कोन एवढं पाह्यते."

परत येताना बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून आई खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही बाजूंनी पळस फुललेला होता, पण तिला तो दिसत नसावा. मध्येच ती म्हणाली, "कोन पाह्यते म्हनते. पाह्यतील ना. सगळेच पाह्यतील." घरी येऊन तिने माझं कापड काढलं, भिंतीवरच्या फ्रॉकसारखं फिरवून मांडलं आणि लोंब्या उभ्या ठेवून कापलं, रातोरात शिवलं. "एक तरी बरोबर असू दे," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळ्या बायांना विहारापुढे बोलावलं. दोन खांबांना दोरी बांधून सोळाही फ्रॉक टांगले. पंधरा एकीकडे, माझा टोकाला. मला तिचा भयंकर राग आला होता. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, येणार नव्हतं, मग आपणहून कशाला सांगायचं? पुढे फळ्यावर मांडलेलं गणित चुकलं की वर्गाकडे वळून "माझं चुकलं" म्हणण्याची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली. दर वेळी जीभ अडखळली आणि दर वेळी ती दोरी आठवली. माझी आई चौथी शिकलेली बाई, आणि ती सोळा घरांसमोर उभी राहून म्हणाली, "माह्याकडून चूक झाली. तुमचं कापड माह्या हातानं बिघडलं."

बाया उठल्या, दोरीजवळ गेल्या. कोणी शिवण ओढून बघितली, कोणी बाह्या मोजल्या. "काय चुकलं?" एकीने विचारलं. "मले तर काही दिसून नाही राहिलं." मग कोणीतरी टोकाचा फ्रॉक बोटाने हलवला. "हा एक उलटा दिसते, बस. एवढा एकच ना?"

"नाही," आई म्हणाली. "तोच बरोबर हाय. हे पंधरा उलटे. टेलरमास्तरनं दाखवलं."

भागीबाई आत्तापर्यंत बसून होत्या. त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, माझ्या फ्रॉकचा घेर हातात धरून डोळ्यांजवळ नेला. "हे कोनतं धान व?" त्या म्हणाल्या. "याच्यात दाना भरला नाही. पोचट हाय, म्हून उभं हाय. त्या मास्तरनं कधी बांधी पाह्यली का?"

जो हशा पिकला तो थांबेना. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली, पहिल्यांदाच त्या दोन दिवसांत. मी मात्र हसले नाही, कारण तो पोचट फ्रॉक माझा होता.

पण विलासदादा हसला नव्हता. तो पुढे आला. "आजी, गंमत बाजूले ठेवा," तो म्हणाला. "जयंतीचा दिवस हाय. खाली मान घातलेली लोंबी आपल्या पोरीच्या अंगावर? आपल्याले मान वर करून चालाले शिकवलं हाय." ही गोष्ट आमच्यात कोणी हसण्यावारी नेत नाही. आईने खाली बघितलं. मला वाटलं, संपलं. सोळा घरांचा मोह, तीन आठवड्यांची पायपीट, सगळं या एका वाक्यात गेलं.

भागीबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. रोवण्याच्या वेळी ओळ वाकडी लावणाऱ्या नव्या पोरीकडे त्या असंच बघायच्या.

"मान खाली घातली नाही रे बाबू तिनं," त्या म्हणाल्या. "ते भरली हाय. आन चालनार कोन हाय? लोंबी का पोरी? तू पोरीची मान पाह्य."

विलासदादाने वर केलेलं बोट खाली घेतलं. मग त्याने दोरीवरचा एक फ्रॉक काढला, आपल्या धाकट्या बहिणीला जवळ बोलावलं आणि तिच्या अंगाला लावून बघितला. ती पोरगी आधीच तोऱ्यातली. तिने हनुवटी अशी वर केली की मागच्या बायांनाही दिसली. "बरं हाय," विलासदादा म्हणाला, आणि गुंड्या लावायला दोरा कमी पडला तर सांगा, असंही म्हणाला.

चार दिवस मला पथकातल्या मुलींनी 'पोचट' म्हणून चिडवलं. मी रडले, जेवले नाही, मिरवणुकीत जाणारच नाही म्हणाले. आईने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. कापड संपलं होतं, आणि तिच्या हातात अजून सहा फ्रॉकच्या गुंड्या होत्या. "घालाचा असन तर घाल," ती म्हणाली. "माह्या चुकीचा नाही तो. माह्या भेवाचा हाय." मला ते तेव्हा कळलं नाही. आज ते वाक्य मी कोणाला समजावूनही सांगणार नाही, इतकं ते मला सरळ वाटतं.

तो फ्रॉक आता नाही. मला तोकडा झाल्यावर धाकट्या मावसबहिणीने घातला. मग त्याचं मशीनवरचं झाकण झालं, मग कंदिलाच्या काचा पुसायचं फडकं. चिंधी झाली तरी तिचा निळा निळाच होता. आई गुंड्या काढून ठेवायची तशी ती चिंधी ठेवली नाही याची हळहळ मला कधीकधी वाटते, पण कापड वापरून संपवायचं असतं या मताची आई होती. त्या वसंतानंतर वस्तीतलं एकही शिवण तुमसरला गेलं नाही. आमच्या दारात सुतळ्यांचे घोस लटकत असायचे, फागुनात तर पाय ठेवायला जागा नसे. शेजारच्या गावांतून बैलगाडीतून बाया यायच्या आणि विचारायच्या, "धानाचे फ्रॉक शिवले ते बाई कोनती?" मी दारातच बसलेली असायचे, आणि उत्तर द्यायची घाई मला कोणापेक्षाही जास्त असायची.

त्या वर्षी जयंतीच्या सकाळी मी तो फ्रॉक घातला. दुसरा नव्हता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. आरशात बघितलं तर लोंब्या ताठ उभ्या, आणि त्यांच्यावर माझं रडून सुजलेलं तोंड. म्हटलं, दोन्हींतलं एक तरी नीट दिसू दे.

तुमसरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणसं होती. निळे झेंडे, ढोल, आणि सगळ्यांच्या पुढे आम्ही सोळा जणी गात चाललो होतो. आमच्या मागे पांढऱ्या साड्यांतल्या बाया, त्यांत आई. ऊन चढलं होतं, आणि त्या उन्हात तो निळा काय दिसत होता! आईने ज्या उन्हासाठी थान बाहेर आणायला लावला होता, ते हेच. पावलागणिक घेर हलायचे आणि पंधरा फ्रॉकांवरच्या लोंब्या वाऱ्यात धान हलावं तशा हलायच्या. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या खेड्यांतल्या बाया एकमेकींना दाखवत होत्या, "धान हाय व, पाह्य, धान हाय." कोणीही उलटं म्हटलं नाही. मी कान देऊन ऐकत होते.

बाजारात मिरवणूक जरा थांबली. टेलरमास्तर आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे होते, गळ्यात टेप. त्यांनी आम्हाला बघितलं, एकेक फ्रॉक बघत बघत माझ्यापर्यंत आले आणि त्यांचा चेहरा उजळला. शेजारच्या माणसाला ते म्हणाले, "ते टोकाची पोरगी पाह्य. एक तरी बरोबर शिवला बाईनं."

मी रांग सोडली. विलासदादाने बजावलं होतं, काही झालं तरी रांग सोडायची नाही. मी पायरीपाशी जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "नाही मास्तर. ते पंधरा बरोबर हायेत. माहाच उलटा हाय."

मागून आईने ते ऐकलं. ढोल पुन्हा सुरू झाले, आणि मी मान वर करून माझ्या जागी जाऊन उभी राहिले.